एका ग्लासात व्हिस्की कळत नाही

२४ जुलै २०२५ रोजी भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या. करार अमलात आला की स्कॉचवरचं आयात शुल्क १५० टक्क्यांवरून ७५ वर आणि पुढच्या दहा वर्षांत ४० वर येणार, हे त्यातलं कलम शेतीच्या किंवा कपड्याच्या कलमांपेक्षा जास्त चघळलं गेलं. त्याआधी दीडेक महिना राज्य सरकारने उलट्या दिशेला पाऊल टाकलं होतं. भारतात बनणाऱ्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मितीमूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट केलं आणि धान्यापासून बनणाऱ्या 'महाराष्ट्र मेड लिकर'चा नवा वर्ग काढला. १८० मिलीच्या क्वार्टरची किमान किंमत नव्या वर्गासाठी १४८ रुपये, नेहमीच्या ब्रँडसाठी २०५ आणि उंची विदेशी मद्यासाठी ३६० ठरली.

वाईन शॉपच्या एकाच फळीवर इतके भाव लागले की गिऱ्हाईक गोंधळणारच. जास्त पैसे दिले तर जिभेला नेमकं काय जास्त मिळतं?

सोलापूरच्या मार्केट यार्डात ज्वारी घेणारा जाणता माणूस एकाच पोत्यात हात घालून भाव ठरवत नाही. एका पोत्यातली मूठ डाव्या तळहातावर, दुसऱ्यातली उजव्या. दोन्ही हात उजेडाकडे करून दाण्याची चकाकी बघतो, मग दोन्हींतला एकेक दाणा दाताखाली फोडतो. एकटी बघितली तर दोन्ही ज्वारी चांगलीच दिसते. मालदांडीचा टपोरा, मोत्यासारखा दाणा कळतो तो शेजारी दुसरा असल्यावर. व्हिस्कीचंही तेच आहे. एक ग्लास हातात घेऊन 'मस्त आहे' यापलीकडे कुणालाच काही बोलता येत नाही. दोन ग्लास शेजारी ठेवले की बोलायला विषय मिळतो.

बाटलीत असतं काय?

व्हिस्की म्हणजे धान्य आंबवून, ऊर्ध्वपातन करून, म्हणजे तापवून वाफ करून ती पुन्हा थंड करून, मग लाकडी पिंपात मुरवलेली दारू. धान्य बार्ली म्हणजे सातू असेल तर आधी त्याला मटकीसारखे मोड आणतात. मोड आले की दाण्यातल्या पिष्टाची साखर व्हायची सोय होते. मोड वाळवून थांबवले की झाला 'माल्ट'. फक्त माल्टपासून, एकाच कारखान्यात, तांब्याच्या भट्टीत काढलेली ती सिंगल माल्ट. वेगवेगळ्या कारखान्यांतल्या माल्टमध्ये मका-गव्हाची हलकी व्हिस्की मिसळली की ब्लेंडेड. स्कॉच म्हणवून घ्यायला ती स्कॉटलंडमध्ये ओकच्या पिंपात किमान ३ वर्षं मुरलेली आणि बाटलीत किमान ४० टक्के अल्कोहोल असलेली हवी. अमेरिकेच्या बर्बनमध्ये किमान ५१ टक्के मका आणि आतून जाळलेलं कोरं पिंप लागतं.

आपल्याकडच्या बहुतेक स्वस्त व्हिस्कीचा पाया वेगळा असतो. तिथे ईएनए वापरतात, म्हणजे ९६ टक्क्यांच्या आसपास शुद्ध केलेला, जवळजवळ बिनवासाचा मद्यार्क. तो धान्यापासूनही होतो आणि उसाच्या मळीपासूनही. सोलापूर जिल्ह्यात साखर कारखान्यांची रांग आहे, त्यामुळे मळीचा वास इथे कुणाला शिकवायला नको. या ईएनएमध्ये थोडी माल्ट किंवा थोडी आयात स्कॉच मिसळून ब्लेंड करतात. युरोपीय संघात मळीच्या मद्यार्काला व्हिस्की म्हणून विकता येत नाही. तिथल्या व्याख्येत धान्य सक्तीचं आहे. आपल्याकडे ते चालतं. यात फसवणूक काही नाही, पण लेबल वाचताना पाया कुठला हे शोधायला हवं.

लेबलवर '४२.८ टक्के' आणि शेजारी '७५ डिग्री प्रूफ' दिसतं, तो जुना ब्रिटिश हिशेब. त्यात १०० प्रूफ म्हणजे साधारण ५७.१ टक्के, त्याचे पाऊण ४२.८. इंग्रज गेले, आकडा राहिला.

चव जिभेवर असते ना?

फार थोडी. जीभ गोड, खारट, आंबट, कडू आणि आमटी-रश्शातला तो खमंग भरीवपणा एवढंच सांगते. बाकी सगळा कारभार नाकाचा. सर्दी झाली की घरची आमटी पाणचट लागते, ती याच कारणाने. घोट तोंडात असताना वास घशाच्या मागच्या वाटेने नाकात चढतो आणि आपण त्याला 'चव' म्हणतो. खात्री करायची तर नाक चिमटीत धरून घोट घ्या. नुसतं गोडसर-तिखट पाणी लागेल. घोट गिळल्यावर चिमूट सोडा, लाकूड, व्हॅनिला, धूर सगळं एकदम येईल.

म्हणून बर्फाने भरलेल्या ग्लासात तुलना होत नाही. थंडीत वास उडत नाहीत आणि जीभही बधिर होते. कोकमध्ये तर कोकच लागतं. तसं पिण्यात चूक नाही, फक्त त्यातून कुठल्या दोन व्हिस्कींत काय फरक आहे हे सांगता येणार नाही.

सोलापुरात, तेही उन्हाळ्यात?

इथे बहुतेकांचं गणित चुकतं. चाखण्याच्या पुस्तकी सूचना थंड देशांतल्या: 'खोलीच्या तापमानाला ठेवा'. त्यांची खोली २० अंशांची, आपली मे महिन्यात रात्री नऊलाही ३५ च्या वर. एवढ्या उष्म्यात अल्कोहोल भसाभस उडतं, नाकाला नुसता झटका बसतो आणि पुढचं काही कळत नाही. बाटली तासभर साध्या माठातल्या पाण्यात उभी ठेवा किंवा फ्रिजमध्ये वीसेक मिनिटं. हाताला गार लागावी, बोटांना झोंबू नये. एसी असेल तर उत्तम. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर मात्र बंद ठेवा. वाळ्याचा वास सुरेख असतो, पण प्रत्येक ग्लासात तोच येतो.

घरातले बाकीचे वास: उदबत्ती, अत्तर, डासांची कॉइल, शेजारची फोडणी. चाखणाऱ्याने तासभर आधीपासून पान, मावा, सिगारेट आणि कच्चा कांदा टाळायचा. चकन्यात सोलापूरची शेंगा चटणी नसेल तर अनेकांना बैठकच अपुरी वाटेल, पण ती शेवटी. तोंडात उष्णता आणि तिखट ओळखणारी यंत्रणा एकच असते. अल्कोहोल तिचा उंबरठा इतका खाली आणतं की तोंडाची स्वतःची ऊबही भाजल्यासारखी वाटते. त्यात लसूण-मिरचीची भर पडली की पुढचा अर्धा तास चांगली आणि वाईट व्हिस्की एकसारखीच जाळते. दोन घोटांच्या मधे खायला आपल्याकडे जगात भारी गोष्ट आहे: कडक भाकरी. बिनमिठाची, बिनतिळाची, कोरडी. तोंडातला तेलकटपणा पुसून नेते आणि स्वतःचा वास मागे ठेवत नाही.

ग्लास, माप, क्रम

पोट फुगीर, तोंड निमुळतं असा छोटा ग्लास हवा, म्हणजे वास वर गोळा होतो. व्हिस्कीसाठीचा ग्लेनकेर्न ग्लास २००१ पासून बाजारात आहे. तो नसेल तर लहान वाईन ग्लास चालतो. रुंद तोंडाच्या, जाड बुडाच्या ग्लासात वास पसरून जातो. सगळे ग्लास एकाच जातीचे घ्या, नाहीतर तुलना ग्लासांची होते. ग्लास गरम पाण्याने विसळायचे, भांड्याच्या साबणाचा लिंबू मागे राहता कामा नये. आणि पुसायला नवाकोरा टॉवेल नको. सोलापूरचा टॉवेल कितीही मऊ असला तरी कपाटातून काढलेल्या टॉवेलला डांबरगोळीचा वास असतो आणि नव्याचे तंतू काचेला चिकटतात. ग्लास पालथे घालून वाळू द्यावेत.

एका बैठकीत चारच नमुने, प्रत्येकी १५ मिली. एकूण ६० मिली, म्हणजे एक मोठा पेग, दीड-दोन तासांत. पाचव्या नमुन्याला नाक थकलेलं असतं आणि जीभ उदार झालेली असते. मोजायला औषधाच्या दुकानातली ५ मिलीची बिनसुईची सिरिंज घ्या. व्यावसायिक चाखणारे घोट थुंकतात, त्यासाठी शेजारी स्टीलचा तांब्या ठेवावा. महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी किमान वय २५ आहे आणि पिण्याचा परवाना लागतो, एका दिवसाचाही मिळतो. गाडी चालवताना रक्तातली मर्यादा १०० मिलीला ३० मिलीग्रॅम आहे. चाखण्यापुरतं घेतलं होतं हे कारण तिथे चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितल्याप्रमाणे अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण पूर्ण सुरक्षित म्हणता येत नाही, म्हणूनही माप छोटं.

क्रम हलक्याकडून भारीकडे. आधी ब्लेंड, मग बिनधुराची सिंगल माल्ट, मग शेरी या स्पॅनिश वाईनच्या पिंपातली, शेवटी धुरकट. धुरकट आधी घेतली तर पुढच्या सगळ्यांना धूर लागतो.

ओतल्यावर पाच-दहा मिनिटं थांबा. नाक ग्लासात खुपसू नका, काठाच्या वर दोन बोटं धरा आणि तोंड किंचित उघडं ठेवा, म्हणजे झटका कमी बसतो. एका ग्लासाकडून दुसऱ्याकडे आणि परत. नाक बधिर झालं की स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूचा वास घ्यायचा. स्वतःच्या वासाची नाकाला सवय असते, त्यामुळे ते पुन्हा कोरं होतं. पहिला घोट चहाच्या अर्ध्या चमच्याएवढा घ्या आणि त्यावरून मत बनवू नका. तो फक्त तोंडाला सवय लावायचा. दुसरा घोट दहा सेकंद तोंडात फिरवा. गिळल्यावर घड्याळ बघा: चव किती वेळ टिकली आणि शेवटी गोड राहिली की कडू? साध्या ब्लेंडची चव दहा-पंधरा सेकंदांत विरते, चांगल्या माल्टची मिनिटभर रेंगाळते. नवख्या माणसाला सगळ्यात आधी कळणारा फरक हाच.

'हीथर, मार्झिपान, टॉफी' मला कसे कळणार?

कळायची गरज नाही. व्हिस्कीच्या परदेशी वर्णनांतले हे शब्द ज्यांनी लिहिले त्यांच्या लहानपणी ते वास होते. आपल्या नाकाकडे स्वतःचा कोश आहे आणि तो जास्त उपयोगी पडतो.

आंबवताना तयार होणाऱ्या इस्टर या रसायनांमुळे पिकलेलं केळं, पेअर, सफरचंद येतं. वेलची केळं फार पिकल्यावर डब्यातून जो वास येतो, तोच. ओकच्या लाकडातून व्हॅनिला येतो आणि अमेरिकी ओक असेल तर सुकं खोबरं. किसलेलं खोबरं कढईत जरा परतल्यासारखं. शेरीच्या पिंपात मुरलेली असेल तर बेदाणे. पंढरपूरकडच्या शेडवर बेदाणा वाळत असताना त्यात शिरलं की जो गोड-आंबट, किंचित धुळकट वास येतो, तो आठवा. पिंप आधीच्या दारूचा वास का देतं, हे लोणच्याच्या बरणीला विचारा. कितीही धुतली तरी तिच्यात ठेवलेल्या साखरेला लोणच्याचा वास लागतोच.

धुराला तर आपल्याकडे थेट शब्द आहे. शेतात गोवऱ्यांच्या आगटीत भाजलेला हुरडा हातावर चोळताना जो वास बोटांना राहतो, तो सौम्य धुरकट व्हिस्कीचा. स्कॉटलंडच्या काही भागांत माल्ट वाळवायला पीट जाळतात. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं दबलेलं शेवाळ-गवत, कापून वाळवलेलं. त्याच्या धुरातली फिनॉल ही रसायनं दाण्याला चिकटतात. आयला बेटावरच्या लाफ्रॉयगसारख्या व्हिस्कीत हुरड्याच्या पुढचा टप्पा असतो: दवाखान्यातली मलमपट्टी, जंतुनाशक, समुद्राकाठची ओल. पहिल्यांदा घेणारा हमखास 'खराब झालीय' म्हणतो. खराब नाही, मुद्दाम तशी केलेली आहे. धुराचं माप पीपीएममध्ये सांगतात, म्हणजे दहा लाखांत किती भाग. त्याच बेटावरच्या आर्डबेग या व्हिस्कीला साधारण ५५. पण हा आकडा माल्टच्या दाण्यातला असतो, बाटलीतला नाही. भट्टीत आणि पिंपात त्यातला बराचसा गळतो.

खरे दोषही असतात. सडकं अंडं किंवा ओढलेली काडी असा वास आला तर गंधक राहिलंय. तांब्याची भट्टी तेच काढायला असते. ओल्या पुठ्ठ्याचा वास बहुतेक वेळा खराब बुचाचा. नेलपॉलिशसारखा उग्र वास ऊर्ध्वपातनाचा सुरुवातीचा भाग नीट वेगळा न केल्याची खूण असू शकतो.

पाणी घातलं की व्हिस्की मरते म्हणतात

उलट. मिश्रण करणारे जाणकार व्हिस्की साधारण २० टक्क्यांवर आणून वास घेतात. ४२.८ टक्क्यांच्या १५ मिलीत १५ मिली पाणी घातलं की २१.४ टक्के होतात. स्वीडनमधल्या लिनेयस विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकावर हे तपासलं. धुरकट वासाचा ग्वायकॉल नावाचा रेणू ५९ टक्क्यांच्या वर अल्कोहोलच्या रेणूंच्या गराड्यात अडकून राहतो, ४५ टक्क्यांपर्यंत खाली आलं की द्रवाच्या पृष्ठभागाकडे येतो, म्हणजे नाकाच्या जवळ.

आधी बिनपाण्याचा वास आणि घोट, मग थेंबाथेंबाने पाणी. २० थेंब म्हणजे साधारण १ मिली. दोन बाटल्यांची ताकद वेगळी असेल तर आधी समान करा, नाहीतर जास्त जाळणारी 'दमदार' वाटते. एक ४६ टक्क्यांची आणि एक ४२.८ ची असेल तर दोन्ही ४० वर आणायच्या: पहिलीच्या १५ मिलीत सव्वादोन मिली पाणी, दुसरीत एक मिली. पाणी टाकल्यावर ग्लास गढुळला तर घाबरू नका. थंड करून गाळलेली नसेल तर तेलकट अंश पाण्याने दिसायला लागतात.

पाणी कुठलं, हा सोलापुरात खरा प्रश्न. नळाला काही दिवसांआड येणारं, हौदात साठवलेलं पाणी ब्लिचिंगचा वास धरतं. बोअरचं खारट आणि जड. दोन्ही बाद. आरओचं किंवा बाटलीबंद पाणी घ्या, व्हिस्कीइतक्याच तापमानाचं.

गडद, जुनी, महाग म्हणजे चांगली ना?

गडद रंग बऱ्याचदा कॅरमलचा असतो. स्कॉचमध्येही तो घालायला परवानगी आहे. म्हणून व्यावसायिक चाखण्यात निळे ग्लास वापरतात, रंग दिसूच नये.

वयाचं गणित हवामानावर आहे. पिंपातून दरवर्षी काही भाग उडून जातो, त्याला 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. स्कॉटलंडमध्ये वर्षाला साधारण २ टक्के, बेंगळुरूत १० ते १२. म्हणजे तिथे १२ वर्षांनी ७८ टक्के माल उरतो, इथे ५ वर्षांतच ५५ च्या आसपास. उष्णतेत लाकडाशी देवाणघेवाणही वेगाने होते. अमृत, पॉल जॉन, इंद्री अशा भारतीय सिंगल माल्ट कमी वयातच भरीव लागतात त्या यामुळे, आणि त्यांच्या बहुतेक बाटल्यांवर वय छापलेलं नसतं तेही यामुळेच. वय छापलं असेल तर ते मिश्रणातल्या सगळ्यात तरुण थेंबाचं.

आणि बाटलीत व्हिस्की जुनी होत नाही. दहा वर्षं कपाटात ठेवलेली १२ वर्षांची बाटली १२ चीच राहते. उघडल्यावर, विशेषतः एक तृतीयांशाच्या खाली गेल्यावर, हवेने ती हळूहळू फिकी पडते. नव्या बाटलीची तुलना दोन वर्षांपूर्वी फोडलेल्या तळाशी करू नका. ठेवायची उभी, कारण आडवी ठेवली तर अल्कोहोल बुचाला खातं. माळ्यावर तर नकोच, आपल्या पत्र्याखालच्या उन्हाळ्यात बूच वर सरकतं.

फरक खरंच कळतोय की लेबल बोलतंय?

याला साधी परीक्षा आहे. घरातल्या दुसऱ्या कुणाला तीन ग्लास भरायला सांगा: दोनांत एक व्हिस्की, तिसऱ्यात दुसरी. ग्लासांच्या बुडाला चिठ्ठी, उत्तर त्याच्याच खिशात. ताकद आणि तापमान समान, खोलीत दिवा मंद म्हणजे रंग दिसणार नाही. वेगळा ग्लास कुठला ते फक्त वासावरून ओळखायचं, म्हणजे तेच तीन ग्लास जागा बदलून सहा वेळा वापरता येतात. डोळे मिटून बोट ठेवलं तरी तीनांत एकदा बरोबर येतंच. पण सहापैकी पाच किंवा सहाही वेळा नशिबाने बरोबर यायची शक्यता दोन टक्क्यांहून कमी आहे. तेवढं जमलं तर फरक तुमच्या नाकाला खरोखर कळतो. चार आले तर संशयाचा फायदा द्यायचा नाही, कारण चार किंवा त्याहून जास्त नुसत्या नशिबाने यायची शक्यता दहा टक्के असते. आठवड्याने पुन्हा बसायचं. तीन किंवा कमी आले, तर निदान तुमच्यासाठी त्या दोन बाटल्यांत फरक नाही आणि स्वस्त असेल ती घ्या.

फरक कळला तरी कुठली आवडली हा प्रश्न वेगळा. तो चिठ्ठ्या उघडण्याआधी कागदावर लिहून टाका. नाव वाचल्यानंतर मत बदलायला एक सेकंदही लागत नाही, आणि खोडलेलं अक्षर कागदावर दिसतं.